उष्टावणीनंतरचा घास

 विठ्ठलवाडीहून आम्ही बोलतोय.

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीतली गोष्ट. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, वही बंद झाली. बाकीच्या उठल्या, पण एक ताई नऊ महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. अंगणवाडीत बाळाचं वजन केलं होतं आणि दोन महिन्यांत काटा जागचा हलला नव्हता.

“उष्टावण केली होती ना गं?” गटातल्या आजींनी विचारलं.

“केली की आजी. सहा महिने पुरे झाले तशीच केली. भाऊ आला होता, वाटीतली खीर त्यानेच चाटवली. फोटोसुद्धा आहेत.”

“बरं. आणि मग?”

ती जरा थांबली. मग म्हणजे सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी वरणावरचं पाणी आणि संध्याकाळी पुन्हा बिस्कीट. अंगावरचं दूध चालू होतंच. ताई घरी बसून जीन्सचे धागे कापते. कॅम्पातल्या कारखान्यातून गठ्ठे येतात, दुसऱ्या दिवशी कापून परत द्यायचे असतात आणि नगावर पैसे मिळतात. बाळाला भरवायला अर्धा तास बसलं की तेवढे नग कमी होतात.

त्या “आणि मग?” ने आम्हाला विचारात पाडलं. उष्टावणीचा एक दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यानंतरचे दीड वर्षाचे घास कोण करतं, कोण भरवतं? आपल्या आज्या-पणज्यांनी ते कसं निभावलं? आज ही जुनी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

सहावा महिना कुठून आला

बाळाला सहाव्या महिन्यात अन्न द्यावं हे आजकालच्या डॉक्टरांनी काढलेलं नाही. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलकं आणि हितकारक अन्न द्यायला सांगितलं आहे. बाळांच्या आरोग्यावरचा जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. त्यात सहाव्या महिन्यात फळ आणि त्यानंतर काही महिन्यांनी अन्न, असा क्रम आहे. आपल्याकडे मुलाची उष्टावण सहाव्या, आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलीची पाचव्या, सातव्या अशा विषम महिन्यात करायची रीत पडली. पहिला घास मामाने द्यायचा, सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची.

या रितीचा मोठा फायदा असा, की घरातल्या सगळ्यांना तारीख माहीत असायची. जन्मताना बाळ आईकडून अंगात लोह साठवून आणतं. ती शिदोरी साधारण सहा महिन्यांत संपत येते आणि त्यापुढे नुसतं आईचं दूध पुरत नाही. हे कारण माहीत नसतानाही आपल्या बायकांनी वेळ मात्र जवळजवळ बरोबर धरली होती. सम-विषम एवढं सोडून द्या. मुलगा असो की मुलगी, पोटाची गरज सारखीच.

इथे सासू-सुनेच्या एका भांडणाचाही निकाल लावू. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी डॉक्टरच चौथ्या महिन्यात सुरू करा म्हणायचे.” सून म्हणते, “आशाताई सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका म्हणतात.” दोघी खरं बोलतात. पूर्वीचा सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो बदलला: सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं अन्न आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही दूध चालूच.

आजीची नाचणी

आपला ठाणे जिल्हा भाताचा आणि डोंगराकडे नाचणी-वरीचा. त्यामुळे बाळाचं खाणंही त्यातलंच: भाताची पेज, गुरगुट्या मऊ भात, तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरडून केलेलं खिमट, नाचणीचं सत्त्व.

नाचणीचं सत्त्व करताना आजी काय करायची ते आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. एवढा खटाटोप का, असं आम्हालाही वाटायचं. त्याचं उत्तर असं आहे. साध्या पिठाची लापशी शिजली की फुगून घट्ट गोळा होते. बाळाला गिळता यावी म्हणून आपण पाणी ओततो, म्हणजे वाटीत पीठ कमी आणि पाणी जास्त. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्यानेच भरतं. धान्याला मोड आले की त्यात पिष्ट फोडणारा पाचक रस तयार होतो. त्यामुळे लापशी पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन केलं. साध्या लापशीत मोडाच्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं तरी ती सैल होते, हे त्यांनी दाखवलं. आजीचं सत्त्व तिथे कसाला लागलं.

म्हणजे ज्ञान घरात होतं. पण सत्त्व करायला चार दिवस लागतात आणि भरवायला रोज कुणीतरी मोकळं लागतं. शेतीच्या घरात आजी, आत्या, थोरली बहीण यांच्यात ते वाटलं जायचं. लावणीच्या दिवसांत तिथेही हाल व्हायचेच. आई बांधावर आणि बाळ झोळीत, हे चित्र कुणाला नवीन आहे?

गिरणीतली आई

मग मुंबईत गिरण्या आल्या. कोकणातून, घाटावरून माणसं गेली, बायकाही गेल्या. एका खोलीत सगळा संसार, दहा-दहा तासांची पाळी आणि घरात आजी नाही. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली असा आकडा आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो ८२८ होता. या आकड्यात एक गोम आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जायच्या, म्हणजे जन्माची नोंद गावात. बाळ घेऊन परत यायच्या, म्हणजे मृत्यू मोजला जायचा शहरात. त्यामुळे आकडा फुगला. पण तो गृहीत धरूनही उरतं ते भयंकर आहे.

कामावर जाताना त्या बाळाला काय द्यायच्या? बाळागोळी. तिच्यात अफू असायची. १९२२ साली डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं नोंदलं गेलं. अफूने बाळ झोपायचं, रडायचं नाही आणि मागायचंही नाही. भुकेलं बाळ दिवसभर गुंगीत पडून राहायचं.

या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. पण बाळ एकटं खोलीत आणि पाळी चुकली तर पगार नाही, अशा वेळी आपण काय केलं असतं? हा प्रश्न काही लोकांनी त्याच काळात ओळखला. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात प्रसूती रजेचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तसं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. असा कायदा देशात पहिल्यांदाच झाला.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं, १९७६ साली हा आकडा ३० वर आणला. आपल्या रोजगार हमीच्या कामावरही पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं असतं. हे माहीत नसेल तर आजच लिहून ठेवा. पण घरी बसून नगावर काम करणाऱ्या आमच्या ताईसारख्या बायकांना यातलं काहीच लागू होत नाही. तिचं घर हाच तिचा कारखाना आणि त्याला पाळणाघर नाही.

डबा आला

त्याच सुमारास बाजारात डबा आला. न्यूझीलंडमधल्या एका घराण्याची दुधाची भुकटी ग्लॅक्सो नावाने जगभर विकली जाऊ लागली. भारतातही ती आली. जाहिरातीत गुबगुबीत गोरं बाळ असायचं. डब्याचं दूध आणि बाटली ही शिकलेल्या, सुधारलेल्या घराची खूण झाली.

ज्याला डबा परवडत नाही तो काय करतो? एक डबा महिनाभर पुरवतो, म्हणजे भुकटी कमी आणि पाणी जास्त. पाणी न उकळलेलं, बाटली नीट न धुतलेली. बाळाला जुलाब लागतात. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई आफ्रिकेत काम करत होत्या. १९३३ साली त्यांनी एका आजाराबद्दल लिहिलं. दुसरं बाळ आलं म्हणून अंगावरून तोडलेल्या पहिल्या बाळाला हा आजार व्हायचा. त्याच्या अंगावर सूज यायची, केस विरळ व्हायचे. तिथल्या बायका त्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. सगळ्या जगातल्या डॉक्टरांनी पुढे तेच नाव घेतलं. १९३९ साली सिंगापूरमध्ये याच बाईंनी भाषण करून डब्याच्या दुधाच्या खोट्या प्रचाराला सरळ खून म्हटलं.

आपल्या देशात गुजरातमधल्या आणंदच्या सहकारी दूध संघाने म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. मग म्हैसूरच्या संशोधन संस्थेच्या मदतीने १९६० च्या आसपास बाळांसाठी देशी डबा काढला. परदेशी डब्याची मक्तेदारी मोडली ही चांगलीच गोष्ट झाली. पण डबा तो डबाच. जगभर बायकांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता केली आणि भारताने १९९२ साली कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या बाळांच्या कुठल्याही तयार अन्नाची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही. दुकानात गेलात तर बघा. चित्र नसण्यामागे एवढी मोठी लढाई आहे.

अंगणातली वाडी आणि पाकीट

अभिमानाची एक गोष्ट आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर हाच शब्द चालतो.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळायची. आमच्या गटातल्या आजींना तिची चव अजून आठवते. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि हळूहळू गावोगावी अंगणवाडी आली. तरीही १९९२-९३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लेकरं कुपोषणाने गेली. मुंबईपासून एका दिवसात जाता येईल असं ते ठिकाण. योजना कागदावर असणं आणि घास तोंडात जाणं यातलं अंतर तिथे सगळ्यांना दिसलं.

अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं येऊन जेवतात. सहा महिन्यांचं बाळ कसं येणार? म्हणून त्याच्या घरी पाकीट द्यायचं ठरलं. हे पाकीट कुणी करायचं, यावर मोठा वाद झाला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातले लोक, बचत गट आणि महिला मंडळं यांच्याकडून तो करून घ्यावा. पण पुढे महाराष्ट्रात निविदेच्या अटी अशा आल्या की साध्या गटाला त्यात शिरताच येईना. एक महिला बचत गट न्यायालयात गेला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. अटी मोठ्यांच्या सोयीच्या आहेत, गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. मैत्रिणींनो, बाळाच्या पहिल्या घासासाठी एक बचत गट दिल्लीपर्यंत लढला, हे आपल्या प्रत्येक बैठकीत सांगायला हवं.

आमची चूक

आता विठ्ठलवाडीकडे परत येऊ. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे शेजारच्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. बराकीतल्या सिंधी बायकांनी पापड लाटून, लोणची घालून घरं उभी केली. तेव्हापासून हा परिसर बायकांच्या घरबसल्या कामावर चालत आला आहे. पापडाच्या जागी आता जीन्सचे गठ्ठे आले एवढंच.

ताईच्या बाळाचं ऐकल्यावर आम्ही नेहमीचं केलं. पौष्टिक पाककृतींची स्पर्धा ठेवली. नाचणीचे लाडू, पालकाची खिचडी, बिटाचा शिरा आले. फोटो काढले, बक्षिसं दिली. ताई आलीच नाही. तिला गठ्ठा द्यायचा होता. पुढच्या वजनालाही काटा तिथेच राहिला.

तेव्हा आजींनी आम्हाला चांगलं सुनावलं. “तिला खिचडी येत नाही असं वाटलं का तुम्हाला? तिला वेळ नाही गं. वाटी धरायला कुणाला तरी पाठवा.”

मग बैठकीत वेगळं ठरलं. एकाच गल्लीत दोन वर्षांखालची चार बाळं होती. नाचणी, मूगडाळ आणि शेंगदाणे गटाने एकत्र आणले. दर रविवारी एक घर मोडाची नाचणी वाळवून, भाजून पीठ करून देतं, दुसरं घर डाळ आणि दाणे भाजून दळतं. सकाळी अकरा आणि दुपारी चार या दोन वेळा आजी आणि दोन आत्याबाई पाळीपाळीने चारही बाळांना भरवतात. ताज्या शिजवलेल्या खिमटात चमचाभर तेल किंवा तूप, कधी कुस्करलेलं अंडं, कधी केळं, कधी मऊ भाजी. अंगणवाडीचं पाकीटही त्यातच शिजतं. ते आधी घरातली मोठी मुलं आणि पाहुणे संपवायचे, हेही तेव्हाच उघड झालं. सकाळची आणि रात्रीची वाटी ज्याची त्याच्या घरी. बाळाची वाटी वेगळी ठेवायची, म्हणजे त्याने किती खाल्लं ते कळतं.

पहिले आठ दिवस ताईच्या बाळाने जीभ बाहेर काढून सगळं थुंकलं. “त्याला आवडत नाही,” ताई म्हणाली. आजी म्हणाल्या, “त्याला सवय नाही. उद्या परत.” पुढच्या महिन्यात काटा दोनशे ग्रॅमने हलला. फार नाही, पण हलला. मध्ये त्याला ताप आला तेव्हा पुन्हा थोडा घसरला आणि परत सावरला. चहा-बिस्कीट बंद झालं असं आम्ही छातीठोक सांगणार नाही, पण कमी झालं आहे.

तुमच्या बैठकीसाठी

देशातल्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते दोन वर्षांच्या १०० बाळांपैकी सुमारे ११ बाळांनाच पुरेसं आणि योग्य अन्न मिळताना आढळलं. यात गरीब घरं आहेत तशी खाऊनपिऊन सुखी घरंही आहेत. म्हणून प्रत्येक गटाने एवढं करावं.

आपल्या गावात सहा महिने ते दोन वर्षांची बाळं किती, ती वहीत लिहा. सहा महिने पूर्ण झाले की दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी आणि मधे एक-दोनदा खाऊ. अन्न चमच्यावरून ओघळून जाणार नाही एवढं दाट हवं. वरणाचं पाणी नको, वरणातली डाळ हवी. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा.

हे सगळं झालं की शेवटी प्रत्येक बाळाच्या नावापुढे एकच प्रश्न लिहा: आई कामावर असताना याची वाटी कोण धरतं? गिरणीच्या काळात या प्रश्नाला बाळागोळी हे उत्तर होतं, आज मोबाइल आणि बिस्कीट आहे. ज्या बाळापुढची जागा कोरी राहील, त्याच्यासाठी त्याच बैठकीत नाव ठरवा. ते नाव आईचंच असलं पाहिजे असं नाही. आजोबांचं असू दे, काकाचं असू दे. पहिला घास देणारा मामाही गावातच राहत असेल, तर दुसरा घास द्यायला त्याला पुन्हा बोलवा.

ताईचं बाळ आता अकरा महिन्यांचं आहे. काल आजींच्या हातातली वाटी त्याने स्वतःकडे ओढली आणि सगळं खिमट अंगावर सांडून घेतलं. आजी रागावल्या नाहीत. दुसरी वाटी भरून आणली.

तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला नक्की कळवा.